लाल विंचू उतरला नाही

मागे एका लग्नात पंगतीला माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. पूर्वीच्या माणसांच्या मंत्रात कशी ताकद होती, विंचू कसा चुटकीसरशी उतरायचा, हे ते समोरच्याला रंगवून सांगत होते. मी वरणभात कालवता कालवता म्हटलं, "माझे वडील विंचू उतरवायचे." गृहस्थ खूश झाले. "मग तुम्हाला तर माहीतच असेल!" मी म्हटलं, "माहीत आहे ना, म्हणूनच सांगते, काही उतरत नाही." त्यानंतर त्यांनी माझ्याकडे मठ्ठ्याचा जगसुद्धा सरकवला नाही. नाही तर नाही. या एका विषयात मी कुणाचं ऐकून घेत नाही, कारण विंचू मला चावला होता, त्यांना नाही.

आमचं गाव दिग्रसच्या अलीकडे. गावात विंचू दोन जातींचे. एक काळा, वीतभर लांब, पुढचे चिमटे खेकड्यासारखे दांडगे. तो दिसला की बायका लुगडं सावरून पळायच्या. दुसरा लाल, बोटाएवढा, विटेच्या भुकटीच्या रंगाचा. त्याचे चिमटे काडीसारखे बारीक आणि शेपूट मात्र जाड, गाठीगाठीची. त्याला सगळे 'बारका' म्हणायचे, आणि म्हणताना थोडी दयाच दाखवायचे. खरी गोष्ट नेमकी उलटी होती. काळा चावला की माणूस दिवसभर बोंबलतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला जातो. लाल चावलेला माणूस कधी कामाला जातो, कधी जातच नाही. पण गावाने आकार पाहून भीती वाटून घेतली होती आणि ती बदलायला कुणी तयार नव्हतं.

हा लाल विंचू कोरड्या जागेतला. ओल त्याला खपत नाही. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरचे दगड, गोवऱ्यांचा ढीग, भिंतीच्या भेगा, आणि सगळ्यात आवडती जागा म्हणजे पऱ्हाटीची गंजी. कापूस वेचून झाला की वाळकी झाडं उपटून घरामागे रचतात, तीच वर्षभर चुलीला लागतात. म्हणजे आमच्या प्रत्येक घरामागे विंचवांचं एक घर होतं. मी लहानपणी एकदा त्या गंजीत लाल मादी पाहिली होती, पाठीवर पांढुरकी पिल्लं घेतलेली, तांदळाच्या दाण्याएवढी. आई म्हणाली, मार. मला मारवेना. पुढे तिच्याच कुणा नातलगाने मला धडा शिकवला असावा, पण तरीही ते न मारल्याचं मला वाईट वाटत नाही.

आता वडिलांचं सांगते. विंचवाचा मंत्र त्यांच्याकडे आजोबांकडून आला. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक, दोरे, अंगारे सगळं नदीत सोडलं. मंत्र मात्र राहिला, कारण तो देव्हाऱ्यात नव्हता, तोंडात होता. वडील सकाळी विहारात वंदना म्हणायचे आणि दुपारी कुणी विंचू चावलेलं आलं की त्याच तोंडाने जुन्या दैवतांची नावं पुटपुटायचे. आई त्यांना ऐकवायची, "देव सोडले अन् इच्चू ठेवला." वडील हसून टाळायचे. ते तसे मऊ स्वभावाचे होते. भांडण आमच्या घरात आई करायची, आणि आईनंतर मी.

मंत्राचे नियम असे: बोलावणं आलं की नाही म्हणायचं नाही. पैसा घ्यायचा नाही. त्या घरचं पाणी प्यायचं नाही, आणि परत फिरताना मागे पाहायचं नाही. वरच्या आळीतल्या मोठ्या घरांनी वडिलांना बोलावलं की पाण्याचा हा नियम दोन्ही बाजूंना सोयीचा पडे. वडिलांनी प्यायचं नव्हतं आणि त्या घरांना द्यावं लागत नव्हतं. पण एरवी 'ए' म्हणून हाक मारणारी माणसं त्या दिवशी 'भाऊ' म्हणायची, आमच्या गल्लीत चपला हातात घेतल्यासारखी हळू यायची. त्या एका 'भाऊ'साठी वडील जेवणाच्या ताटावरून उठायचे. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आज कळतं, की गावात त्यांच्यापाशी तेवढीच एक वस्तू होती जी दुसऱ्याला मागावी लागत होती.

उतरवण्याची रीत मी दहा वर्षांची असल्यापासून पाहिलेली, कारण कडुनिंबाचा डहाळा तोडून आणायचं काम माझं होतं. चावलेल्या माणसाला ओट्यावर बसवायचं. वडील मंत्र म्हणत डहाळा वरून खाली फिरवायचे आणि मधूनमधून विचारायचे, "कुठवर आला?" माणूस म्हणायचा, "खांद्यावर." मग "कोपरावर." मग "मनगटावर." भोवती माणसं दाटीवाटीने उभी. शेवटी "बोटात" म्हटलं की सगळे सरसावायचे, आणि तो म्हणायचा, "उतरला!" वडील डहाळा जमिनीवर आपटून चालू लागायचे. दुखणं थांबलं म्हणजे विष उतरलं, हा गावाचा हिशेब होता, आणि तो इतका सरळ दिसायचा की त्याच्यावर शंका घेणारी मीच तिरपागडी ठरायची.

शंका मला एका नर्सबाईने दिली. ती लसीकरणाला महिन्यातून एकदा यायची. एकदा आमच्या ओट्यावर चहा पिताना ती वडिलांना म्हणाली, "लाल विंचवात दुखण्यावर जाऊ नका भाऊ. घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, की थांबू नका. दवाखान्यात गोळी आहे." वडिलांनी मान डोलावली आणि ती गेल्यावर म्हणाले, "तिले काय समजते इच्चवातलं!" मी मात्र ते लक्षात ठेवलं. मी तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते आणि वडिलांना खोटं पाडायला मला काहीही चाललं असतं.

मग ते वर्ष आलं. कापसाला भाव नव्हता. आज वाढेल, उद्या वाढेल, म्हणून अर्ध्या गावाने कापूस घरातच भरून ठेवला. आमच्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली छातीभर कापसाने भरली होती. आम्ही मागच्या खोलीत स्वयंपाक, झोप, सगळं उरकायचो आणि कापसाच्या कुसाने रात्रंदिवस अंग खाजवायचो. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला एक पाहुणा म्हणाला होता, "मज्जा आहे, गादीच गादी!" आईने त्याला तिथेच झोपवलं. सकाळी तो चहाही न घेता एस.टी.ला गेला.

कापूस उबदार असतो. ते आम्हाला जसं माहीत होतं तसं विंचवालाही होतं.

थंडीचे दिवस होते. अवकाळी पाऊस होऊन गेला होता आणि छपरातून गळून एका कोपऱ्यातला कापूस दमट झाला होता. सकाळी ऊन पडल्यावर आई म्हणाली, अंगणात पसरवू. मी खोलीत जाऊन कोपऱ्यापर्यंत वाट करायला दोन्ही हातांनी पुढच्या कोरड्या कापसाचा कवळा उचलला, छातीशी धरला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटात कुणी निखारा खुपसला. मी कवळा फेकून दिला. पांढऱ्या कापसावर तो लालभडक, शेपूट वर करून, पळायची घाईसुद्धा न करता उभा होता.

आई धावत आली. तिने पाहिलं आणि म्हणाली, "लाल हाय." मागोमाग वडील आले, त्यांनी वाकून पाहिलं. "बारका तं हाय," ते म्हणाले, "बस ओट्यावर."

मी बसले. कारण बोट जळत होतं, हात खांद्यापर्यंत जळत होता, आणि माणूस दुखण्यात हट्टीपणा विसरतो. डहाळा आज दुसऱ्याच कुणी आणला. पाच मिनिटांत अंगण भरलं. उतरवणाऱ्याच्याच पोरीला विंचू चावला, असा तमाशा कोण सोडेल? शेजारची म्हातारी पाट घेऊन बसायला आली. वडिलांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. ते माझ्याकडे पाहत होते, पण बोलत होते सगळ्यांना.

"कुठवर आला?"

"खांद्यावर." खरंच खांद्यावर होता. मी रडत होते.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला एक उलटी झाली. कुणीतरी म्हणालं, विष पडलं, बरं झालं. मग दुसरी झाली. आणि मग दुखणं कमी व्हायला लागलं. अगदी खरंखुरं. कोपरावर आलं, मनगटावर आलं, बोटात नुसती मुंग्या आल्यासारखी जाणीव उरली. वडिलांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. लोक सरसावले. आणि मी पाहिलं, की माझा परकर आणि पोलकं घामाने चिंब झालंय, थंडीच्या सकाळी. तोंडात लाळ मावत नव्हती. पाय मला माझे वाटत नव्हते, विहिरीच्या पाण्यात गुडघाभर उभी असल्यासारखे ते गार होते. छातीत धडधड इतकी, की ती बाहेर ऐकू जात असेल असं वाटलं.

"कुठवर आला, बाई?" वडिलांनी विचारलं.

एक शब्द म्हणायचा होता. 'उतरला' म्हटलं की वडील डहाळा आपटणार, लोक वाहवा करणार, वरच्या आळीपर्यंत बातमी जाणार. आणि मी आत जाऊन पडणार, आणि मरणार. हे मला स्वच्छ दिसत होतं. तरीही तो शब्द माझ्या ओठांवर आला होता, हे मी कबूल करते. एवढ्या माणसांत बापाला खोटं पाडणं, तेही तो जीव तोडून मंत्र म्हणत असताना, हे मरण्याहून अवघड वाटलं. वीस वर्षांची पोरगी असाच विचार करते. मग मला स्वतःचाच संताप आला. मी काय यांच्या तमाशासाठी मरू?

"बाबा, उतरला नाई," मी म्हटलं. "मंत्र राहू द्या. मले दवाखान्यात न्या."

मग म्हातारी म्हणाली, "दुखते का तुले?"

"नाई दुखत."

"मंग कायले दवाखाना? भेली पोरगी."

दोघेतिघे हसले. वडिलांचा हात हवेत थांबला होता. असा चेहरा मी त्यांचा आधी कधी पाहिला नव्हता. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. "म्हण ना बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बोटातच राह्यला आता. म्हण."

"नाई म्हणत! तुमी माहे पाय पाहा! हात लावून पाहा!"

बाप पोरीच्या पायाला चारचौघांत हात लावत नाही. वडिलांनी डहाळा खाली ठेवला, आपटला नाही, ठेवला, आणि माझे दोन्ही तळपाय हातात घेतले. मग आईला हाक मारली, तर आई अंगणात नव्हती. दुसऱ्या उलटीलाच ती कुणाला न विचारता रस्त्यावर गेली होती आणि दिग्रसला निघालेल्या भरल्या काळी-पिवळीसमोर हात पसरून उभी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, ती हलत नव्हती. "पह्यले मले चिरड, मंग जाय," असं ती म्हणाली, हे मला त्या जीपमधल्या बायकांनी नंतर सांगितलं.

मला आईच्या मांडीवर आडवं केलं. वडील मागे फळीवर लटकले. रस्ता खड्ड्यांचा, जीपमध्ये माणसं कोंबलेली. मान वळवली तर मला वडील दिसत होते. त्यांचे ओठ हलत होते. मी ओरडले, "बाबा, तोंड बंद ठेवा!" एक प्रवासी बाई म्हणाली, बापाशी असं बोलते का कोणी. वडिलांनी तोंड बंद केलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, माझ्याहून फार मोठा नसेल. त्याने नाडी पाहिली, पाय पाहिले, आणि विचारलं, "चावून किती वेळ झाला?"

"दीड घंटा," आई म्हणाली.

"दीड तास काय करत होते?"

आई वडिलांकडे पाहणारच होती, त्याआधी तेच म्हणाले, "म्या बसवून ठेवली होती, साहेब. मंत्र टाकत होतो."

डॉक्टर रागावला नाही. त्याने मला एक छोटी पांढरी गोळी दिली, उठायचं नाही म्हणून बजावलं, आणि बोटाला हात लावून विचारलं, "इथे दुखतं?" मी नाही म्हटलं. तो वडिलांना म्हणाला, "हेच वाईट आहे. तिचं दुखणं परत आलं, हातपाय गरम झाले, की मला बोलवा. मग ती वाचली समजा."

वडिलांना ते पटकन कळलं नाही. त्यांनी त्याला तीनदा विचारलं, "दुखलं तं बरं?" तिन्ही वेळा त्याने हो म्हटलं. मग वडील माझ्या पायथ्याशी बसले आणि तळपाय चोळू लागले. तीन तासांनी दुसरी गोळी दिली. दुपारभर ते एकच विचारत राहिले. "दुखते का?" मी नाही म्हटलं की त्यांचं तोंड उतरायचं. जन्मभर लोकांच्या तोंडून 'नाही दुखत' ऐकण्यासाठी बसलेला माणूस त्या दुपारी माझ्या दुखण्याची वाट पाहत होता. मला धाप लागत होती, मी घाबरले होते, आणि तरीही मनात कुठेतरी म्हणत होते, विचारा, आता विचारा.

उन्हं कलली तेव्हा बोटात ठणका उठला. आधी टोकाला, मग पेरभर, मग अख्खा हात पेटला. असं दुखलं की डोळ्यांतून पाणी आलं.

"बाबा! दुखून राह्यलं! लय दुखून राह्यलं!"

वडील उठले आणि वॉर्डातून ओरडत पळाले, "साहेब, पोरीले दुखून राह्यलं हो! दुखून राह्यलं!" शेजारच्या खाटेवरच्या बाईने कपाळावर हात मारला. तिला वाटलं, पोरीच्या दुखण्याने बापाचं डोकं फिरलं. माझी आई भिंतीकडे तोंड करून रडत होती.

परतताना एस.टी.त वडिलांनी माझ्या पायांवर चादर टाकली. मग एकदम म्हणाले, मागच्या गल्लीतली ती विधवा, दोन उन्हाळ्यांपूर्वी गेली ती, तिनेही उतरला म्हटलं होतं. घरी चालत गेली होती. तिन्हीसांजेला तोंडाला फेस आला. "तिचे पाय म्या पाह्यले नाई," ते म्हणाले. मला त्यांची समजूत घालता आली असती. मी नुसतं "हो" म्हटलं.

गावाने आम्हाला सोडलं नाही. पोरीचा उतरवता आला नाही, बाटलेल्या तोंडात मंत्र कसा टिकेल, असं लोक तोंडावर बोलायला लागले. वडील पुन्हा 'ए' झाले. ते खाली मान घालून जायचे. मी मात्र मान खाली घातली नाही. कुणी टोमणा मारला की मी उलट विचारायची, "मेली असती तं मंत्र खरा ठरला असता का?" असं विचारलं की लोकांना अचानक कामं आठवत.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, वरच्या आळीतल्या मोठ्या घरचा कर्ता पोरगा मोटारसायकलवर आमच्या दारात आला. त्याच्या बायकोने गंजीतून पऱ्हाटी ओढली आणि तिला लाल चावला होता. "भाऊ, चाला," तो म्हणाला. वडील उठले. "येतो," ते म्हणाले, "पण मंत्र नाई टाकत." त्याने ते ऐकलंच नाही. त्याने वडिलांना मागे बसवून नेलं, मी पायी धावत गेले.

मी पोचले तेव्हा त्या अंगणात सगळे आनंदात होते. सून बाजेवर निपचित पडली होती आणि सासरा वडिलांना म्हणत होता, "तू अंगणात आला अन् तिचं दुखणं थांबलं! मंत्र टाकायचं कामच नाही पडलं. पायगुण म्हणतात तो हाच, भाऊ." गावातली पाचपंचवीस माणसं माना डोलवत होती. सासूने घरातून पितळेचा गडू भरून आणला होता, वडिलांसाठी, त्या घरात पहिल्यांदाच. गेलेलं सगळं नाव ताटात वाढून समोर आलं होतं. वडिलांनी फक्त उभं राहायचं होतं.

"तिच्या पायाले हात लावून पाहा," वडील म्हणाले.

कुणी हललं नाही. सासरा सुनेच्या पायाला कसा हात लावणार! मीच पुढे झाले. पाय बर्फ होते, कपाळावर घामाचे थेंब.

"गार हायेत, बाबा."

"गाडी काढा," वडील म्हणाले.

"आता कायले? दुखत नाई म्हणते ती. निजू दे," सासरा म्हणाला.

"दुखत नाई म्हणूनच काढा म्हणतो!" वडील ओरडले. त्या अंगणात त्यांचा आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता, मीही नाही. "माह्या पायगुणात काई नाई! माह्या मंत्रात काई नव्हतं! म्या बसवलेली एक बाई मेली, माही पोरगी मरता मरता राह्यली! तोंडाकडे काय पाहता माह्या, गाडी काढा!"

सासूच्या हातातलं पाणी सांडलं. तिचा नवरा घरच्या जीपकडे पळाला. ती वाचली, हे इथेच सांगून टाकते, तिची नातवंडं आता त्या अंगणात खेळतात. पण त्या क्षणी तिला ते माहीत नव्हतं. तिला उचलून जीपमध्ये ठेवलं, तेव्हा डोळे उघडून तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, आता तर बरं वाटून राह्यलं, मग मला कुठे नेता. मी तिचं गार पाऊल दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि म्हटलं, "दुखन. सांजवेळेलोक तुले लय दुखन. दुखलं की लाजू नको, बोंब मारजो."